अब्जांश-द्रव्ये : संज्ञा आणि पदार्थ (पुणे-चाकण परिसरातील संशोधनाच्या संदर्भात)

‘नॅनो’ हा शब्द महाराष्ट्रातील सर्वसामान्य वाचकाच्या कानी पडला तो प्रयोगशाळेतून नव्हे, तर मोटारीच्या कारखान्यातून. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन-प्रदर्शनात टाटा मोटर्सने जी छोटी मोटार लोकांपुढे ठेवली, तिच्या आराखड्याचे बरेचसे काम पिंपरीच्या अभियंत्यांनी केले होते. ती लाखाची मोटार म्हणून गाजली आणि तिच्या नावाला ‘लहान व स्वस्त’ असा अर्थ कायमचा चिकटला. पुढे दहा-अकरा वर्षांत मोटारीचे उत्पादन थांबले. अर्थ मात्र मागे राहिला. २०२१ साली इफ्कोने ‘नॅनो युरिया’ हे द्रवरूप खत बाजारात आणले, तेव्हा अर्ध्या लिटरची बाटली हाती घेणाऱ्या शेतकऱ्याने ह्याच अर्थाचा आधार घेतला असल्यास त्यात नवल नाही.

विज्ञानातील ‘नॅनो’ला ह्या दोहोंपैकी एकही अर्थ पुरेसा नाही. तो लहान आहे हे खरे, परंतु लहानपणा हे त्याचे केवळ निमित्त आहे. स्वस्त तर तो क्वचितच असतो. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे ह्या विषयाकडे तो संज्ञांच्या वाटेने आला, हे आरंभीच सांगणे बरे. तथापि संज्ञा तपासावयाची म्हटली की पदार्थही तपासावा लागतो, आणि मराठीतून हा विषय शिकविणाऱ्यांची अडचण नेमकी येथेच आहे. शब्द चुकला की विद्यार्थ्याच्या मनात पदार्थही चुकतो.

ह्या विवेचनासाठी पुणे-चाकण पट्टा निवडण्यास कारण आहे. चाकण हे नाव पूर्वी दोन गोष्टींसाठी घेतले जाई : १६६० साली शायिस्तेखानाच्या फौजेविरुद्ध फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्गात दिलेली झुंज, आणि कांद्याचा बाजार. गेल्या पाव शतकात त्यांत वाहन-उद्योगाची भर पडली. १९९९ साली बजाज ऑटोचा कारखाना तेथे सुरू झाला. २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ आणि पाठोपाठ महिंद्र ह्या कंपन्या आल्या. आज तेथे विजेवर चालणाऱ्या गाड्या जोडल्या जातात. दुसरीकडे पाषाण रस्त्याच्या आसपास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (स्थापना १९५०), सी-मेट आणि भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (स्थापना २००६) ह्या संस्था आहेत. आघारकर संशोधन संस्था व विद्यापीठाचे विज्ञान-विभाग जवळच आहेत. पाषाण ते चाकण हे अंतर, रहदारीची कृपा झाल्यास, तासा-सव्वा तासाचे. एका टोकाला द्रव्य घडते, दुसऱ्या टोकाला वापरले जाते. मधल्या वाटेवर मात्र ते कोणत्या भाषेत प्रवास करते, ह्याची चौकशी फारशी कोणी केलेली नाही.

प्रथम शब्द पाहू. ‘नॅनोस’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खुजा मनुष्य’. मापनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत १९६० साली हे उपपद ‘एक अब्जांश’ ह्या अर्थी स्वीकारले गेले. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ हा सामासिक शब्द जपानी शास्त्रज्ञ नोरिओ तानिगुची ह्यांनी १९७४ साली वापरला. त्यासाठी मराठीत ‘अब्जांश तंत्रज्ञान’ असा पर्याय रूढ झाला असून तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. दशांश, शतांश, सहस्रांश ह्या मालिकेतला तो पुढचा मणी होय. ‘शतांश तापमापक’ ह्या जुन्या पाठ्यपुस्तकी संज्ञेने ही वाट पूर्वीच मोकळी करून ठेवली होती. मीटरचे अब्ज भाग केले की त्यांतील एक भाग तो नॅनोमीटर.

अडचण उद्भवते ती ‘अब्जांश’ हा शब्द पदार्थाच्या नावाला जोडला की. ‘अब्जांश मीटर’ म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. मग त्याच न्यायाने ‘अब्जांश चांदी’ म्हणजे चांदीचा अब्जावा भाग असा अर्थ मराठी मन सहजच लावते. ज्या समाजात होमिओपॅथीच्या गोळ्या घरोघर आहेत आणि औषध जितके विरल तितके प्रभावी ही कल्पना अपरिचित नाही, तेथे हा गैरसमज केवळ काल्पनिक म्हणता येत नाही. वस्तुतः येथे प्रश्न मात्रेचा नसून मितीचा आहे. चांदी किलोभर असली तरी ती अब्जांश-द्रव्य असू शकते, आणि गुंजभर असूनही नसू शकते. युरोपीय आयोगाने २०११ साली केलेल्या व २०२२ साली सुधारलेल्या व्याख्येचा गाभा असा की, पदार्थातील कणांपैकी संख्येने निम्मे वा अधिक कण निदान एका मितीत १ ते १०० नॅनोमीटर ह्या मर्यादेत बसावेत. म्हणून ‘अब्जांश-मितीचे द्रव्य’ ही रचना अधिक स्पष्ट. संक्षेपासाठी ‘अब्जांश-द्रव्य’ चालेल, पण मध्ये जोडरेषा असावी आणि पहिल्या उल्लेखात ‘मिती’ हा शब्द गाळू नये. कणापुरते म्हणावयाचे तर ‘नॅनोकण’ हा धेडगुजरी समास मला अधिक पसंत आहे. त्यात अपूर्णांकाचा आभास नाही, आणि ‘कण’ हा शब्द तांदळाच्या कणीपासून सर्वांच्या ओळखीचा आहे.

हिंदी व मराठी ग्रंथ शेजारी ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक इशारा येथे आवश्यक वाटतो. वैशेषिकांच्या परमाणू, द्व्यणुक, त्र्यणुक ह्या शब्दसंपत्तीचा वारसा दोन्ही भाषांनी घेतला, परंतु वाटणी निराळी केली. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा अविभाज्य मानलेला कण, आणि अणू जुळून झालेला तो रेणू. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. म्हणजे एकच शब्द दोन भाषांत दोन निरनिराळ्या पायऱ्यांवर उभा आहे. ज्या विषयात अणूंची संख्या मोजून गुणधर्म ठरतात, तेथे हा घोटाळा महागात पडतो.

आता पदार्थाकडे वळू. मापाची कल्पना येण्यासाठी : माणसाचा केस सुमारे ८०,००० ते १,००,००० नॅनोमीटर जाड असतो, सामान्य जीवाणूची लांबी हजार-दोन हजार नॅनोमीटर, आनुवंशिक द्रव्याच्या दुहेरी सर्पिलाची जाडी दोन नॅनोमीटर. पण केसाची उपमा देऊन थांबणे हा ह्या विषयावरील लोकप्रिय लेखांचा नेहमीचा दोष आहे. लहानपणाने काय साधते, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी एक साधे गणित करावे. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला तर त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर भरते. तोच घन कापून एक नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर त्यांची संख्या एकावर एकवीस शून्ये इतकी होते आणि एकूण पृष्ठफळ ६,००० चौरस मीटर होते. गावाकडच्या मापात सांगावयाचे तर सुमारे ५९ गुंठे, दीड एकराला किंचित कमी. द्रव्य तेवढेच, वजन तेवढेच. फासा म्हणून मुठीत मावणारी वस्तू शेत होऊन पसरली. (ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खुजा’ असल्याने कोणी ‘वामन’ हे उपपद सुचविल्यास कथेच्या दृष्टीने ते विलक्षण चपखल ठरेल; परिभाषेत मात्र पुराण आणू नये असे माझे मत आहे.) रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात. म्हणून उत्प्रेरक, संवेदक आणि विद्युत्घट ह्या तिन्ही ठिकाणी ह्या पसाऱ्याला मोल आहे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. विशिष्ट मर्यादेखाली पदार्थाचे गुण केवळ तो कशाचा बनला आहे ह्यावर अवलंबून न राहता, तो केवढा आहे ह्यावरही अवलंबून राहू लागतात. सोने पिवळे असते हे विधान दागिन्याबद्दल खरे आहे. वीस नॅनोमीटर व्यासाच्या सोन्याच्या कणांचे पाणी माणकासारखे लाल दिसते, कारण त्या कणांतील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र दोलायमान होतात आणि सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश शोषतात. मायकेल फॅरडेने १८५७ साली असे द्रावण तयार करून हा रंग कणांच्या बारीकपणामुळे येतो हे ओळखले होते. त्याने केलेला एक नमुना लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अद्याप जपलेला आहे आणि अद्याप लाल आहे. अर्धवाहकांच्या बाबतीत हीच गोष्ट निराळ्या कारणाने घडते. पुणे विद्यापीठाच्या भौतिकी विभागात सुलभा कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून ज्या अर्धवाहक कणांवर काम केले, त्यांचे प्रकाशगुण आकारानुसार बदलतात; ह्याच वर्गातील कणांच्या शोधाबद्दल २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले.

असे कण घडविण्याच्या रीती अनेक आहेत, पण पुण्याने ह्या क्षेत्रात जी ओळख मिळविली ती एका अनपेक्षित रीतीमुळे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली असे दाखविले की, व्हर्टिसिलियम नावाची बुरशी चांदीच्या क्षाराच्या द्रावणात ठेवली असता तिच्या पेशींत चांदीचे नॅनोकण तयार होतात. कण पेशीच्या आत अडकून राहिल्यामुळे ते बाहेर काढणे जिकिरीचे होते. २००३ साली त्याच गटाने फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम ही बुरशी वापरली. ही बुरशी आपली विकरे बाहेर सोडते आणि कण द्रावणातच तयार होतात. हरभऱ्यावरील ‘मर’ रोग ज्याला ठाऊक आहे, त्याला ह्या बुरशीचा एक प्रकार ठाऊक आहे. जी बुरशी शेतकऱ्याचे पीक वाळविते तिच्या भाऊबंदाकडून चांदीचे कण करवून घेणे, ह्यात कल्पकता आहे हे कोणीही मान्य करील. २००४ साली ह्याच गटाने गवती चहाच्या पानांचा काढा सोन्याच्या क्षारात मिसळून त्रिकोणी चकत्यांच्या आकाराचे कण मिळविले. तो निबंध ‘नेचर मटेरियल्स’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पानांतील द्रव्ये सोन्याच्या आयनांचे क्षपण करतात आणि तीच कणांभोवती वेष्टन होऊन त्यांना एकमेकांस चिकटू देत नाहीत.

ह्या निबंधांनंतर कडुनिंब, तुळस, कोरफड अशा नाना वनस्पतींचे काढे घेऊन चांदीचे कण केल्याचे शोधनिबंध देशभर इतके निघाले की, त्यांतील बऱ्याच भागाला संशोधन म्हणण्यापेक्षा पुनरावृत्ती म्हणणे योग्य होईल. पान बदलले, कृती तीच. काढ्यातील नेमके कोणते द्रव्य काय करते आणि दोन हंगामांच्या पानांतून एकसारखे कण मिळतात काय, हे प्रश्न कठीण असल्यामुळे मागे पडले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी विषय निवडताना ह्याचा विचार करावा.

आता उपयोगांकडे पाहू. जैवसंवेदक ही संज्ञा मराठीत स्थिरावली आहे, पण तिच्यातील ‘संवेदना’ हा अंश थोडा फसवा आहे. उपकरणाला वेदना होत नाही आणि जाणीवही होत नाही. त्यात दोन कामे वेगळी असतात : एकाने नेमके द्रव्य ओळखावयाचे आणि दुसऱ्याने त्याची वर्दी द्यावयाची. लीलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स ह्यांनी १९६२ साली मांडलेल्या रक्तशर्करेच्या संवेदकात ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ओळखीचे काम करते आणि विद्युदग्र वर्दी देतो. आज मधुमेही रुग्ण घरी वापरतात त्या यंत्राचा वंश तोच. नॅनोकण बहुधा वर्दीच्या बाजूस येतात : विद्युदग्राचे पृष्ठफळ वाढवितात, विकराला बसावयास अधिक जागा देतात, किंवा स्वतःच्या रंगाने खूण करतात.

रंगाचे उदाहरण आपण सर्वांनी पाहिलेले आहे. पुण्याच्या मायलॅब ह्या कंपनीच्या घरच्या घरी करावयाच्या कोविड चाचणीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे २०२१ मध्ये मान्यता दिली. ह्या जातीच्या चाचण्यांत, तसेच गर्भ-चाचणीच्या पट्टीत, पुष्कळदा सोन्याचेच नॅनोकण असतात. कणांवर प्रतिपिंडे बसविलेली असतात. नमुन्याचा थेंब कागदासारख्या पट्टीवरून पुढे सरकताना विषाणूचे प्रथिन ह्या प्रतिपिंडांना चिकटते. पुढे पट्टीवर आडवी आखलेली प्रतिपिंडांची दुसरी रेघ त्याच प्रथिनाला दुसऱ्या बाजूने धरते आणि त्याच्यासोबत सोन्याचा कणही अडकतो. असे असंख्य कण एका रेघेत दाटले की लाल रेघ डोळ्यांना दिसते. प्रथिन नसेल तर कण पुढे निघून जातात. महासाथीच्या दिवसांत पट्टीवर उमटणाऱ्या ज्या रेघेकडे घरोघर श्वास रोखून पाहिले गेले, तिच्या मुळाशी फॅरडेच्या बाटलीतला तो लाल रंग होता. येथे नॅनोकणाने ओळख केली नाही, ती प्रतिपिंडाने केली. सोने केवळ दवंडी पिटते. ‘नॅनोसंवेदक’ ह्या शब्दाने हा भेद पुसला जातो, म्हणून तो शब्द शक्यतो टाळावा.

जखमांच्या प्रश्नावर अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण येथे शब्दाच्या चुकीची किंमत रुग्ण मोजतो. पिंपरीचे नाव ह्या इतिहासात जुने आहे. सार्वजनिक क्षेत्रातील प्रतिजैविकांचा पहिला कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ साली तेथेच स्थापन झाला. पेनिसिलीनने जखमेतील जंतूंचा प्रश्न सुटला असे त्या काळी वाटले होते. पुढे जीवाणूंनी प्रतिकार कमावला आणि संशोधकांचे लक्ष पुन्हा चांदीकडे वळले. भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझीन हे मलम १९६८ पासून माहीत आहे. चांदीचे आयन जीवाणूच्या पेशीत अनेक ठिकाणी एकाच वेळी आघात करतात : पेशीआवरणावर, गंधक असलेल्या प्रथिनांवर, श्वसनाच्या साखळीवर. नॅनोकण हे ह्या आयनांचे कोठार होय. मोठ्या पृष्ठभागावरून ते आयन सावकाश सोडत राहतात.

आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर आणि जया जैन, ज्युतिका राजवाडे आदी सहकाऱ्यांनी ह्या दिशेने काम केले आणि २००९ साली चांदीच्या नॅनोकणांच्या एका जेलचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ह्या जेलचा जीवाणूंवरील प्रभाव सिल्व्हर सल्फाडायझीनच्या प्रचलित मलमाच्या तोडीचा आढळला. चांदीचे प्रमाण मात्र तीसपट कमी होते. हा आकडा नीट वाचावयास हवा. मात्रा कमी झाली ती ‘अब्जांश’ ह्या शब्दामुळे नव्हे, तर तीच चांदी अधिक पृष्ठभागाने कामी आली म्हणून.

तथापि ‘जखम भरून काढणारी चांदी’ अशी जाहिरात वाचली की सुश्रुताची आठवण होते. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या उपचाराच्या दोन पायऱ्या स्पष्टपणे निराळ्या ठेवल्या आहेत : शोधन आणि रोपण. शोधन म्हणजे व्रण शुद्ध करणे. रोपण म्हणजे तो भरून येणे, नव्या मांसाची व त्वचेची वाढ होणे. इंग्रजीतील एका शब्दाने ह्या दोन्ही पायऱ्या झाकल्या जातात आणि मराठीत आपण ‘जखम भरणे’ असे भाषांतर करून तोच गोंधळ पत्करतो. चांदी हे प्रामुख्याने शोधनद्रव्य आहे. रोपणाला ती मदत करते असे दर्शविणारे काही प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत, परंतु माणसांवरील चाचण्यांचा आढावा घेऊन कॉक्रेन ह्या संस्थेने २०१० साली असा निष्कर्ष दिला की, चांदीयुक्त पट्ट्या व मलमे जंतुसंसर्ग टाळतात किंवा जखम लवकर भरतात हे सिद्ध करण्याइतका पुरावा उपलब्ध नाही. शिवाय रोपण ज्या पेशींनी करावयाचे, त्या तंतुजनक पेशींनाही चांदीची अधिक मात्रा अपाय करते. म्हणजे जे द्रव्य शोधनास उत्तम तेच अति झाल्यास रोपणास बाधक. ही ओढाताण सुश्रुताच्या दोन शब्दांत जितकी चटकन दिसते, तितकी ‘जखम भरणे’ ह्या शब्दप्रयोगात दिसत नाही. मधुमेही रुग्णाच्या पायावरील जुनाट व्रणात तर रक्तपुरवठा, साखर आणि जंतू हे तिन्ही प्रश्न एकत्र असतात. तेथे केवळ जंतू मारून भागत नाही.

चांदीला जीवाणू कधीच दाद देणार नाहीत असे नव्हे, हेही पुण्यातच पूर्वी दिसून आले आहे. विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात बाळू चोपडे आणि त्यांच्या सहकारी देशपांडे ह्यांनी १९९४ साली अॅसिनेटोबॅक्टर बाउमानी ह्या जीवाणूत चांदीला प्रतिकार करण्याचा गुण प्लाझ्मिडवर वाहून नेला जातो असे दाखविले. प्लाझ्मिड हे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे आनुवंशिक द्रव्याचे छोटे वर्तुळ असल्याने हा गुण पसरू शकतो. हा जीवाणू आज रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत सर्वांत त्रासदायक मानल्या जाणाऱ्यांपैकी आहे. पायमोजे, पाण्याच्या गाळण्या आणि धुण्याची यंत्रे ह्यांत चांदीचे कण घालून विकण्याची जी टूम निघाली, तिच्याकडे ह्या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. जे औषध भाजलेल्या माणसासाठी राखून ठेवावयाचे, ते पायमोज्यांतून गटारात सोडणे शहाणपणाचे नाही.

आयुर्वेदातील सुवर्णभस्म व रौप्यभस्म ही प्राचीन अब्जांश-द्रव्येच होत, असे अनेकदा सांगितले जाते. सुवर्णभस्माच्या एका नमुन्याच्या २००७ मधील परीक्षणात सोन्याचे स्फटिक सुमारे ५७ नॅनोमीटरचे आढळले, हे खरे आहे. तेवढ्यावरून भस्म करणाऱ्याला नॅनोकण अभिप्रेत होते असे म्हणणे म्हणजे परिणामावरून हेतू सिद्ध करणे होय. शिवाय कणांचा आकार समान असला तरी त्यांच्यावरील वेष्टन समान असेलच असे नाही, आणि शरीरात कणाचे काय होते हे पुष्कळ अंशी वेष्टनच ठरविते. जैवतंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने ऑक्टोबर २०१९ मध्ये नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांत आकाराबरोबर पृष्ठभागाच्या गुणांचीही माहिती मागितली आहे, ती ह्याच कारणाने.

आता चाकणच्या प्रत्यक्ष विषयाकडे, म्हणजे ऊर्जेच्या साठवणीकडे येऊ. येथे आपल्या जुन्या परिभाषेचे कौतुक करावेसे वाटते. बॅटरीला जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांत ‘विद्युत्घटमाला’ म्हणत. बोलण्यात तो शब्द कोणी वापरला नाही आणि आता वापरणारही नाही. पण त्यात जो भेद होता तो अचूक होता : एक तो घट, अनेक घट जोडल्यास माला. वाहनांच्या कारखान्यांत आज ‘सेल’, ‘मॉड्यूल’, ‘पॅक’ अशा तीन पायऱ्या मानतात आणि कामगारांच्या तोंडी तेच शब्द आहेत. ‘बॅटरी इथेच बनते’ आणि ‘सेल इथेच बनतो’ ह्या दोन विधानांतील अंतर जमीन-अस्मानाचे आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात महिंद्र कंपनीने ज्या दोन विद्युत् मोटारी प्रकाशात आणल्या, त्यांचे उत्पादन चाकणला होते आणि घटमालेची जोडणीही तेथेच होते. त्यांतील घट मात्र बीवायडी ह्या चिनी कंपनीच्या तंत्राचे होते. माला आपली, घट परका. नॅनोद्रव्यांचे विज्ञान आहे ते घटात.

ह्या मोटारींतील घट लिथियम-लोह-फॉस्फेट जातीचे आहेत, आणि ह्या द्रव्याची कथा लहानपणाचे महत्त्व उत्तम रीतीने दाखविते. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ ह्यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी व सहकाऱ्यांनी १९९७ साली ते पुढे आणले. लोह व फॉस्फेट स्वस्त, विषारी नव्हेत, आणि तापल्यावर सहजासहजी प्राणवायू सोडत नसल्यामुळे आगीचा धोका कमी. तरीही आरंभी ते निरुपयोगीच वाटले, कारण ते विजेचे अत्यंत मंदवाहक आहे आणि त्यात लिथियमचे आयन एकाच दिशेच्या अरुंद बोळांतून ये-जा करतात. बोळात एखादी गाडी आडवी पडली की मागची सारी वाहतूक थांबावी, त्याप्रमाणे स्फटिकातील एखादा दोष संपूर्ण मार्ग बंद करतो. ह्यावर उपाय दोन निघाले. कणावर कर्बाचा पातळ लेप द्यावयाचा, म्हणजे इलेक्ट्रॉन पृष्ठभागावरून वाहतात; आणि कणच नॅनोमितीचे करावयाचे, म्हणजे बोळ आखूड होतो. आयनाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. हजार नॅनोमीटरचा कण शंभर नॅनोमीटरचा केला, तर अंतर दहापट कमी आणि वेळ शंभरपट कमी. जे द्रव्य टाकाऊ ठरत होते ते ह्या एका बदलाने गाडी चालवू लागले.

ह्याची दुसरी बाजू संशोधक जाणतात, विक्रेते सांगत नाहीत. पृष्ठभाग वाढला की हवी ती क्रिया वाढते तशी नको ती क्रियाही वाढते. विद्युद्विलेद्याशी होणाऱ्या उपक्रियांना अधिक जागा मिळते. बारीक कण दाटीने बसत नसल्यामुळे त्याच आकारमानात द्रव्य कमी मावते. म्हणून कारखान्यांत बहुधा नॅनोकणांचे मोठे गोळे बांधून वापरतात : आत बारीक, बाहेरून जाड.

लिथियमच्या खनिजासाठी आपण परावलंबी असल्यामुळे सोडियमचा विचार पुढे आला. सोडियम समुद्राच्या मिठात आहे, पण त्याचा आयन लिथियमपेक्षा मोठा असून नेहमीच्या ग्रॅफाइटमध्ये तो नीट शिरत नाही. त्यासाठी ‘कठीण कर्ब’ नावाचा अव्यवस्थित रचनेचा, सूक्ष्म पोकळ्यांचा कर्ब लागतो. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये आपले सोडियम-आयन घटाचे तंत्र जाहीर केले, त्यामागे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या पुण्यातील प्रयोगशाळेतील, सतीशचंद्र ओगले ह्यांच्या गटाचे, अनेक वर्षांचे सहकार्य होते. पाषाणहून निघालेले घटाचे विज्ञान उद्योगापर्यंत पोचल्याचे हे एक उदाहरण.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा उल्लेख केल्याविना हा विषय पुरा होत नाही. तेथे चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी महाधारित्रांसाठी लागणारे धातू-ऑक्साइडांचे पातळ थर अल्प खर्चाच्या रासायनिक रीतींनी घडविण्याचे काम दीर्घकाळ केले. त्यांतील एक रीत सांगण्यासारखी आहे : काचेची वा धातूची पट्टी एका द्रावणात बुडवावी, धुवावी, दुसऱ्या द्रावणात बुडवावी, पुन्हा धुवावी. प्रत्येक फेरीत एक अतिपातळ थर बसतो. रंगारी सूत आळीपाळीने दोन कुंडांत बुडवितो तसेच हे. निर्वात-पात्र नको, मोठे तापमान नको. हबीब पठाण व लोखंडे ह्यांनी २००४ साली लिहिलेला ह्या रीतीचा आढावा आजही विद्यार्थी वाचतात. जेथे लाखोंची यंत्रे नव्हती अशा महाविद्यालयांतूनही ह्या रीतीमुळे संशोधन सुरू होऊ शकले.

महाधारित्र आणि घट ह्यांतील भेदही मराठीत नीट सांगावा लागतो. घटात आयन द्रव्याच्या आत शिरतात. महाधारित्रात ते मुख्यतः पृष्ठभागावर वा पृष्ठभागालगत थांबतात. म्हणून ते काही सेकंदांत भारित होते आणि लक्षावधी वेळा वापरता येते, पण साठवण थोडी. घट म्हणजे कोठीघर, धारित्र म्हणजे ओसरी : ओसरीवर माणसे चटकन येतात आणि चटकन उठतात. गाडीने ब्रेक लावताना मिळणारी ऊर्जा पकडण्यास ओसरी बरी, शंभर कोस जाण्यास कोठीघर.

शेवटी एका शब्दाबद्दल. ह्या द्रव्यांच्या कोरड्या स्वरूपाला मराठीत कोणी ‘पावडर’ म्हणतात, कोणी ‘चूर्ण’, कोणी ‘भुकटी’. चूर्णाला औषधाचा वास आहे आणि पावडरीला प्रसाधनाचा. दोन्ही शब्द निरुपद्रवी वाटतात. विद्युदग्रात बंधकाने घट्ट बसविलेले नॅनोकण आणि पोते उघडताना हवेत उडणारे नॅनोकण ह्यांचा धोका सारखा नाही. दुसरे श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या शेवटच्या वायुकोशांपर्यंत जाऊ शकतात. चाकणला आज मुख्यतः तयार घट जोडले जातात. उद्या घटच तेथे घडू लागले, तर हे द्रव्य पोत्यांनी येईल आणि ते हाताळणारे पुष्कळसे तरुण मराठवाडा-विदर्भातून आलेले असतील. पोत्यावरील सूचना मराठीत लिहावयाची वेळ आली तर ‘चूर्ण’ हा शब्द वापरू नये, ‘धूळ’ म्हणावे. धुळीपुढे नाकाला फडके लावावे, हे त्यांना कोणी शिकविण्याची गरज नाही, आणि फडक्याने येथे भागत नाही, खास मुखपट्टी लागते, एवढेच मग सांगावयाचे उरते.